नावाजायचं न्हाई

स्वप्नाचं तोंड फाटकं आहे हे सगळ्या पाली गावाला ठाऊक होतं, पण त्या तोंडाला एवढी गिऱ्हाइकं मिळतील असं कुणाला वाटलं नव्हतं. बीडला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात ती चौकशीच्या खिडकीत बसायची. दुपारी डबा खाऊन झाला की मोबाईल समोर धरायची आणि नव्या अल्बमची सालं काढायला घ्यायची. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, ना मेकअप, ना मागे पडदा, कधी कधी तर मागे क्लासची मोडकी खुर्ची दिसायची.

मुंबईच्या एमसी तलवार नावाच्या रॅपरचा ‘सोन्याचा दात’ आला तेव्हा पोरं नुसती वेडी झाली होती. स्वप्ना म्हणाली, “सगळा अल्बम ऐकला. पहिल्या गान्यापासून शेवटच्या गान्यापत्तोर गडी गाडीतून खालीच उतरला न्हाई. अरं बाबा, लघवीला तरी उतर!” ‘खडीक्रशर’ नावाच्या पुण्याच्या बँडबद्दल म्हणाली, “गिटार लई जोरात वाजिवलीय, कारन सांगायला काईच न्हाई. पैलं गानं ऐका अन् दळन आनायला जा.” त्या बँडचे भक्त तिच्यावर तुटून पडले, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आणि पुढचा अल्बम आला की हेच भक्त आधी विचारायचे, ताई काय म्हणल्या?

हे तोंड तिला घरातून मिळालं होतं. हरिबा आणि बायडाबाईची ही थोरली लेक, आणि रामेश्वर तिच्या पाठचा. बिंदुसरा धरणाच्या वरच्या माळावर दोघं भावंडं बापाच्या मेंढरांमागे हिंडत वाढली. दोघांत मिळून एक मोबाईल होता आणि त्याच्या इअरफोनचं एक बोंडूक हिच्या कानात, एक त्याच्या. रामेश्वरला प्रत्येक गाणं आवडायचं. स्वप्नाला एकही नाही. तो नाचायला लागला की ही म्हणायची, “त्याला सांगायचंय काय पन? मेंढरू बी कावून वरडतंय ते कळतं. ह्याचं कळंना.”

आणि हरिबाच्या घरात चांगल्याला चांगलं म्हणायची चालच नव्हती. कोकरू धडधाकट जन्मलं, चार पायांवर उभं राहून आईला ढुशा द्यायला लागलं, की हरिबा तोंड वाकडं करून म्हणायचा, “हे कुठलं मरतुकडं आलं बे! टाकून द्या वढ्यात.” बायडाबाई म्हणायची, “लई भिकार हाय.” दृष्ट लागू नये म्हणून हे सगळं. नावाजलं की जनावर जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती खरी की खोटी हे तपासायची कुणाची हिंमत नव्हती. गोड बोलणं मिळायचं ते फक्त जे कोकरू जगणार नाही असं हरिबाला कळून चुकलेलं असायचं त्याला. त्याला तो मांडीवर घ्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, “लई देखनं हाय माझं. राजा हाय माझा.” मग थोड्या वेळाने उठून माळाच्या कडेला खड्डा काढायला जायचा.

एकदा काळ्या कानाचं एक कोकरू रामेश्वरने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ते आजारी पडलं, हरिबाने मांडीवर घेतलं आणि तोंडातून ‘राजा’ निघालं, तसा रामेश्वर किंचाळला, “आबा, तसं नका बोलू! त्याला शिव्या द्या!” हरिबाने शिव्या दिल्या नाहीत. लेकराचं मन राखायला खोटं बोलावं एवढी समज त्या माणसाला नव्हती, आणि तेव्हा स्वप्नाला बापाचा फार राग आला होता.

रामेश्वर मोठा झाला आणि रॅप करायला लागला. बीडला युवराज नावाच्या मित्राची फोटो स्टुडिओच्या माडीवर खोली होती. युवराजने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून तिची रेकॉर्डिंग रूम केली होती. रामेश्वर गाणं करायचा, सगळ्यांच्या आधी बहिणीला पाठवायचा आणि खाली लिहायचा, ‘अक्का, शिव्या दे.’ ती द्यायची, हात आखडता न घेता. “तू पालीचा हायस, लंडनवरून आल्यावानी कावून बोलतो?” “हितं दम लागतोय तुला. आदी पळायला शिक.” तो चिडायचा, दोन दिवस फोन उचलायचा नाही, आणि मग गाणं दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. असं करत करत पोरगं खरंच बरं बोलायला लागलं. हे स्वप्नाने त्याला कधीही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला ताप यायला लागला. अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायचं. बीडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं, तिथं तपासण्या झाल्या, औषधं झाली, आणि शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हरिबाला आणि स्वप्नाला केबिनमध्ये बसवून सांगितलं की आजार रक्ताचा आहे, हाताबाहेर गेलाय, पोराला घरी न्या आणि जे हवं ते खाऊ घाला. हरिबा एवढंच म्हणाला, “त्याला नगा सांगू.” रामेश्वरला सांगण्यात आलं की अंगात रक्त कमी आहे, डाळिंब खा, पडून राहा. चौघांच्या घरात तिघं खोटं बोलायला लागली. बोलता येत नसताना बोलायला लागली, हे त्याहून वाईट.

पण पडून राहील तो रामेश्वर कसला! बऱ्या दिवशी युवराजच्या मोटरसायकलवर बसून तो बीडला जायचा आणि गाणी करायचा. पावसाळा सरता सरता त्याने अल्बम पुरा केला. नाव ठेवलं ‘वाघूर’. मेंढरं रात्री कोंडायची जाळी, ती वाघूर. गाणी स्वप्नाच्या मोबाईलवर आली आणि खाली तेच, ‘अक्का, शिव्या दे.’

बायडाबाईने तिला चुलीपाशी गाठलं. “हे बघ, त्याला आता काई टोचून बोलू नगंस. चांगलं म्हन. लेकरू खुश हुईल.”

“माय, त्याला कळंल.”

“काय कळंल? बहीन चांगलं म्हनली तर काय वंगाळ कळंल?”

बीडला परतल्यावर स्वप्ना क्लासच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून ऐकत होती. दुसऱ्या गाण्यात त्याने पिस्तूल काढलं होतं. घरात सुरी होती ती कांद्याची, आणि हा पिस्तूल काढतोय! पाचवं गाणं आईवर होतं आणि त्यात युवराजने बासरी अशी ओतली होती की लग्नातल्या बासुंदीची आठवण व्हावी. बाकीची ठीक होती. पण चौथं गाणं वेगळं होतं. त्यात ताल जवळजवळ नव्हताच. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत घेताना रामेश्वर जशी हाळी द्यायचा तशी हाळी होती, आणि हाळींच्या मधे तो एकेका मेंढीचं नाव घेऊन सांगत होता की ही कुणाची, हिची आई कोण, ही कुठल्या वर्षी हरवली होती. ते तिने अजून कुठं ऐकलं नव्हतं. ते त्याचंच होतं. ती टाकीला डोकं लावून रडली आणि रविवारी घरी गेली.

रामेश्वर लिंबाखाली बाजेवर पडला होता. गालफडं बसली होती, डोळे मात्र तेच.

“हं, दे,” तो म्हणाला. “लई दिवसाच्या साठल्या असतील शिव्या.”

स्वप्नाने घसा साफ केला. दारातून बायडाबाई बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीने तोंडाला लगाम घातला.

“भारी झालंय,” ती म्हणाली. “सगळीच गानी भारी झाल्यात.”

“दुसरं बी?”

“दुसरं बी. लई देखनं काम केलंस रे. लई देखनं. राजा हायस तू माझा.”

शब्द तोंडातून सुटला आणि तिचा हात तोंडाकडे गेला. खोटं बोलायचं होतं, त्याला गोड शब्द लागत होते, आणि तिच्या घरात गोड शब्द होते तेवढेच.

रामेश्वरने मान वळवून माळाकडे पाहिलं. हरिबा मेंढरं घेऊन वरच्या अंगाला होता, लांबून त्याचं मुंडासं दिसत होतं. दारातली बायडाबाई आत निघून गेली.

“अक्का,” तो म्हणाला, “आबांनी खड्डा काढायला घेतला का गं?”

स्वप्ना त्याच्या पायांवर पडली. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आलं, आबांनी काय सांगितलं ते आलं, डाळिंबाचं खोटं आलं. ती रडत होती आणि तो तिच्या डोक्यावर थोपटत होता. मरणार तो होता आणि समजूत तिची काढावी लागली, याची लाज तिला पुढेही वाटत राहिली.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “तपासायला गेलतो तवा ती नर्स लई मायेनं बोलली. म्हनलं, घोटाळा हाय.” मग जरा दम घेऊन म्हणाला, “आता माझ्यावर एक उपकार कर. नीट शिव्या दे. जित्या मानसाला देतात तशा.”

आणि स्वप्नाने दिल्या. नाक पुसत पुसत दिल्या. “ते दुसरं गानं जाळून टाक. पिस्तूल कुटं पायलंस बे तू? पाचव्यात बासरी हाय का गुऱ्हाळ? मायवरचं गानं हाय अन् माय कुटंच न्हाई त्यात. तिसऱ्यात शब्द गिळतोस.” तो मधे मधे भांडत होता, बासरी युवराजची आहे म्हणत होता, हसताना खोकत होता. बाजेवर उठून बसला होता.

“अन् चौथं?” त्याने विचारलं.

स्वप्नाने त्याच्याकडे पाहिलं. “चौथं तर सगळ्यात भिकार हाय,” ती म्हणाली. “मरतुकडं निसतं. टाकून दे वढ्यात.”

रामेश्वर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. त्याच्या तोंडावर जे समाधान आलं ते कुठल्याही औषधाने आलं नव्हतं.

युवराज माईक आणि लॅपटॉप घेऊन पालीला आला. लिंबाखाली गोधड्या टांगून त्यांनी पाचवं गाणं बासरीशिवाय पुन्हा केलं. दुसरं काढून टाकलं. “तुझी अक्का लई डेंजर हाय बे,” युवराज म्हणायचा आणि बाजूला जाऊन डोळे पुसायचा. तिसऱ्यातले गिळलेले शब्द मात्र तसेच राहिले, कारण तेवढा श्वास आता रामेश्वरकडे नव्हता. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली, आणि एका दुपारी, बायडाबाई त्याला पेज भरवत असताना, तो गेला.

महिनाभराने युवराजने अल्बम टाकला. बातमी पसरली होतीच. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘लई भारी’, ‘राजा माणूस’, ‘काळजाला हात घातला भावा’. खाली फुलं आणि जोडलेले हात. स्वप्ना एकेक वाचायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. सगळं जग तिच्या भावाला मांडीवर घेऊन बसलं होतं. ऐकणारे तिलाही विचारत होते, ताई, भावाच्या अल्बमवर बोला ना. ती मोबाईल समोर धरायची आणि खाली ठेवायची. चांगलं म्हणायला जीभ उचलत नव्हती आणि शिव्या द्यायला बाजेवर तो नव्हता.

हरिबाने ती गाणी ऐकलीच नव्हती. पोराच्या माघारी तो कुणाशी धड बोललाही नव्हता. एका रविवारी सकाळी स्वप्ना त्याची भाकरी घेऊन माळावर गेली, तेव्हा तो दगडावर बसून धरणाच्या पाण्याकडे बघत होता.

“लाव गं त्याचं,” तो म्हणाला.

तिने मोबाईल दगडावर ठेवला. हरिबाने सगळी गाणी ऐकली, भाकरी सोडलीसुद्धा नाही. अर्धे शब्द त्याला कळले नसतील. चौथं गाणं आता तिसरं झालं होतं. त्यातली हाळी आली तशी जवळची मेंढरं चरायची थांबली, एक-दोन म्हाताऱ्या मेंढ्या चार पावलं पुढं आल्या आणि उभ्या राहिल्या. मेंढ्यांची नावं यायची तसा हरिबा मान हलवायचा. गाणी संपली. स्वप्ना जीव मुठीत धरून वाट बघत होती, कारण आता त्याच्या तोंडून ‘राजा’ निघालं असतं तर तिला ते सोसलं नसतं.

हरिबाने बाजूला थुंकून तोंड वाकडं केलं.

“काय भिकार हाय,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. “मरतुकडं निसतं.”

“व्हय आबा,” स्वप्ना म्हणाली. “लईच भिकार हाय.”

तिथंच, मेंढरांच्या मधे उभं राहून तिने मोबाईल समोर धरला. ‘वाघूर’ ऐकला, म्हणाली. एका गान्यात शब्द गिळलेत. आवाज घोगरा हाय. मेंढ्यांची नावं घ्यायला काय लागतं, कुनी बी घेईल. भिकार अल्बम हाय, मरतुकडा हाय, टाकून द्या वढ्यात. बोलताना एकदा तिचा आवाज फाटला, पण ती थांबून पाणी प्यायली आणि तिने पुरं केलं.

संध्याकाळपर्यंत लोकांनी तिला फाडून खाल्लं. मेलेल्या भावाला सोडलं नाही, काळीज आहे का दगड, असली बहीण वैऱ्यालाही नको. तिने मोबाईल पालथा ठेवला. चुलीपाशी बायडाबाई भाकरी थापत होती. मोबाईल सारखा वाजतोय हे बघून तिने विचारलं, “काय म्हनलीस गं त्याच्या गान्याला?”

“शिव्या दिल्या, माय.”

बायडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. “बरं केलंस,” ती म्हणाली.