अध्यक्षबाई दाराबाहेर

तळी, हवा आणि माती यांवर सरकारने काय संशोधन करावं हे सांगायला एक सल्लागार मंडळ होतं, आणि मंडळाने काय सांगावं हे सांगायला अध्यक्षबाई होत्या. सल्ला देणं हा बाईंचा पेशा नव्हे, पिंडच होता. मंडळाने सल्ला दिला की खात्याचं उत्तर यायचं, 'विचार केला जाईल.' घरी सुनेला दिला की ती म्हणायची, 'बघते हं, आई.' दोन्हींचा अर्थ एकच, अशी बाईंची खात्री होती.

सून सरकारी तलाव केंद्रात शास्त्रज्ञ. ते केंद्र चालू ठेवावं की गुंडाळावं, यावर आज मंडळाचं मत जायचं होतं, आणि गुंडाळायचा सल्ला तेवढा खातं लगेच ऐकतं. नियम असा, की नात्यातल्या माणसाचं काम निघालं की सभासदाने बाहेर बसायचं. सून पडद्यासमोर उभी राहिली आणि सासूबाई पर्स उचलून व्हरांड्यातल्या बाकावर आल्या.

बाकावर त्यांचा जीव टांगणीला लागला. केंद्राची होडी बिघडलेली, म्हणून सून धक्क्यावरूनच पाण्याचे नमुने घ्यायची. काठाचं पाणी म्हणजे का अख्खा तलाव? नियम काय ते मंडळात, घरी नाहीत, अशा समजुतीने बाईंनी हे तिला जेवताना अनेकदा ऐकवलं होतं. 'बघते हं, आई.' आता आत कुणीतरी तेच विचारणार. विचारलं नाही तर हे कसले शास्त्रज्ञ, आणि विचारलं तर पोर बुडाली! बाईंनी दार किंचित उघडलं, हवेसाठी.

आत भलतंच चाललं होतं. "आलेख फारच सुंदर!" "रंगही छान निवडलेत." एरवी आकड्यांवर तुटून पडणारे उपाध्यक्ष म्हणाले, "मॅडमच्या घरचं काम, त्यात काय बघायचं!" सगळे हसले. केंद्र चालू ठेवायचा ठराव मंजूर, जेवणाची सुट्टी.

सून बाहेर आली ती डोळे पुसत.

"अगं, मंजूर झालं ना?"

"तुमची सून मंजूर झाली, आई. काम कुणी पाहिलंच नाही. आता जन्मभर हेच ऐकायचं."

बाईंना वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. पण अध्यक्षांनी या विषयावर तोंड उघडायची सोय नव्हती. मग त्यांना बैठकीच्या शेवटचे 'नागरिकांचे प्रश्न' आठवले. ही वेळ त्यांनीच भांडून ठेवून घेतली होती आणि आजवर तिकडे एकही नागरिक फिरकला नव्हता.

सुट्टीनंतर त्या मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि वेळ येताच हात वर केला.

उपाध्यक्ष गडबडले. "मॅडम, तुम्ही?"

"मॅडम नाही, नागरिक. त्या तलावाचं पाणी पिते."

"पण नातं..."

"सासू आहे, तसं लिहून घ्या. मत देणार नाही, फक्त विचारते. काठावरच्या पाण्यावरून अख्ख्या तलावाचा निष्कर्ष काढलाच कसा?"

विचारून झालं आणि बाईंनाच वाटलं, आता पोर बुडाली.

सून उठली. तिने पडद्यावर नवा आलेख आणला. "अहवाल पाठवल्यावर भाड्याच्या होडीने मधलं पाणीही आणलं. कुणी विचारलं तर दाखवणार होते. खोलवर ऑक्सिजन बराच कमी आहे. म्हणजे माझा पहिला निष्कर्ष थोडा चुकला होता."

मंडळ खडबडून जागं झालं. कोणत्या ऋतूत घेतले नमुने? उपकरण कुणी तपासलं? उपाध्यक्षांनी तर तिला पार सळो की पळो करून सोडलं. दोनदा ती अडली आणि 'माहीत नाही' म्हणाली. शेवटी ठराव बदलला: केंद्र चालू, पण वर्षभरच, आणि मधलं पाणी हिवाळ्यातही मोजायचं.

बाहेर पडताना सून लालबुंद झाली होती, पण खुशीत होती. "काय सोलून काढलं हो मला!"

"होडीचं मला का नाही सांगितलंस?"

"अध्यक्षांना आधी सांगणं नियमात बसत नाही, आई. आणि बघते म्हटलं होतं ना? मी दर वेळी बघतेच."

गाडीपर्यंत बाईंनी एकही सल्ला दिला नाही.