गुळगुळीत तळ

"समुद्राला पिंपल्स आलेत का गं?" गंधालीच्या स्क्रीनवरचा समुद्रतळ बघून शरच्चंद्र गुप्ते म्हणाले.

"तळ तसाच आहे, काका," ती हसली. "आपणच त्याला मेकअप करत होतो ना!"

'आपण' म्हणजे कोण, हे गुप्त्यांना बरोबर कळलं. जहाज पाण्यात खाली आवाज सोडतं, प्रतिध्वनी परततो आणि त्यावरून खोली कळते. मरोळच्या कचेरीत असे आकडे साफ करण्यात त्यांची हयात गेली होती. बारीक चढउतार दिसले की गोंगाट समजून ते पुसून टाकत. गुप्त्यांचे नकाशे सारवलेल्या अंगणासारखे, असं सगळे म्हणायचे. आता जो तो गंधालीचं नाव घेत होता. कालची पोर! तिचं म्हणणं, तळाच्या उंचवट्यांवर आपटूनच खोल पाणी घुसळलं जातं; तळ सपाट धरला तर कॉम्प्युटरवरचे प्रवाह खोटे वाहतात.

आज समुद्राच्या एका पट्ट्यात, त्यांच्या सपाट आणि तिच्या खडबडीत अशा दोन्ही तळांवर, कॉम्प्युटरवर प्रवाह चालवून बघायचे होते. तिचं गणित फसू दे, असं गुप्त्यांनी सकाळी देवाला चक्क हात जोडून सांगितलं होतं. देवाने काही ऐकलं नाही. गुप्त्यांच्या तळावरचा प्रवाह भलतीकडेच सुसाट गेला. गंधालीचा मात्र समुद्रात मोजलेल्या प्रवाहाशी जुळला. कचेरीच्या प्रमुख प्रियंका मॅडमनी टाळ्या वाजवल्या. गुप्त्यांनीही वाजवल्या, पण आत नुसती आग आग होत होती.

दुपारी ती त्यांच्या टेबलाशी आली. "काका, बाकीच्या समुद्राचा कच्चा डेटा आहे ना? तुम्ही साफ करायच्या आधीचा? नसेल तर माझी वाट लागली."

होता. फक्त त्यांच्याकडेच होता.

"नाही गं. जागा करायला कधीच उडवला."

तिचा चेहरा पडला. गुप्त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून.

"असू दे," ती म्हणाली. "तेव्हा सगळे असंच करायचे. तुमचा काय दोष?"

ही कीव त्यांना टाळ्यांपेक्षा जास्त झोंबली. ती जागेवर गेली आणि त्यांच्याच सपाट तळावर अंदाजाने उंचवटे पेरू लागली. इथे एक, तिथे एक. पुसणं निराळं, पण नसलेला डोंगर मांडायचा? ते त्यांना बघवेना. कपाटातली हार्ड डिस्क काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

"सापडला."

गंधालीने त्यांच्याकडे पाहिलं. डिस्क कॉम्प्युटरला जोडली. "सगळंच परत करावं लागेल, काका."

"माहितेय." त्यांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "माझ्या पहिल्या वर्षापासून घे. तेव्हा मी फार मन लावून पुसायचो."