गेनबाचा बिल्ला

साठ-बासष्ट सालची गोष्ट. शनिवार पेठेतल्या नियाजभाईंचं दुकान घड्याळदुरुस्तीचं, पण जीव सगळा जुन्या लष्करी पदकांत. हौस कसली, वेडच ते! कुणी पदक चिंचेनं घासून आणलं की गिऱ्हाइकाला झापत, "अहो, पाण्याचा तांब्या आहे का हा?"

जुन्या बाजारात त्यांना पहिल्या महायुद्धातलं काशाचं पदक मिळालं. कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं, गेनबा. तिकडे इराकात, बसऱ्याकडे लढाईत पडलेला. त्याच्या धाकट्या भावानं हे विकलं, पण बायको मुंढव्यात अजून आहे, असं विकणाऱ्यानं सांगितलं. त्या लढाईतल्या शिपायांना काशाचं आणि चांदीचं अशी दोन पदकं मिळत; मग चांदीचं जोडपदक तिच्याकडेच असणार! नियाजभाईंनी सायकल काढली.

तुळजाबाई साठीच्या पुढच्या. "बिल्ला व्हय? हाय की," म्हणत त्यांनी पदराखालून दोरा ओढला. पदक गळ्यातच होतं. वर सोनारानं डागलेली कडी, आणि कडेवरचं नाव झिजून पार गेलेलं.

"या अल्ला, वाटोळं केलंत की हो!" नियाजभाई बोलून गेले. "मला द्या. कडी काढून नीट करतो. जोडी पुरी होईल."

तुळजाबाईंनी पदक मुठीत धरलं. "तार आली तवा जावांनी माझं काळं मणी तोडलं. मागनं ह्यो बिल्ला आला. म्हटलं, सरकारनं दिलाय, ह्यो कोन तोडतंय बघू. एकदा काढलं गळ्यातलं. आता न्हाई."

नियाजभाई खजील झाले. त्यांनी खिशातलं पदक काढून कडेवरचं नाव वाचलं, "गेनबा."

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, आणि बिल्ल्यावर ते असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "आनिक एकदा वाचा," त्या म्हणाल्या. नियाजभाईंनी वाचलं.

चार दिवसांनी ते परत मुंढव्याला गेले. काशाच्या पदकाला कडी बसवली होती, त्यांनी स्वतःच, नावाला धक्का न लावता.

"ठेवा हे. पण मावशी, गळ्यात घातलंत तर हेही नाव झिजेल हो," त्यांना राहवेना.

तुळजाबाई दोऱ्यात दुसरा बिल्ला ओवत होत्या.

"झिजू दे बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्याच अंगावर झिजंल न्हवं?"