तोंडी परीक्षेतले बाबा

आठवीत परदेशी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा जवळजवळ अख्खा वर्ग फ्रेंचकडे पळाला. जर्मनला उरली ती मूठभर मुलं, आणि त्यांत बारकी आणि लंबू एका बाकावर आल्या. ही नावं वर्गानेच पाडलेली. एक सगळ्यांत बुटकी, दुसरी दारातून वाकून येते की काय अशी. वर्षभरात दोघींचं असं मेतकूट जमलं की कुणाच्या कानावर जाऊ नये असं सगळं त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागल्या. बसमध्ये, पाण्याच्या नळावर, गणिताच्या सरांच्या टोपाबद्दल तर भर वर्गात.

दहावीच्या सुरुवातीला बारकीचे बाबा घर सोडून गेले. भांडणतंटा झाला नाही. त्यांनी दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला, बॅगेत भरला, चपलांच्या कपाटावर किल्ली ठेवली आणि जिना उतरले. मग पावलं परत वर आली. बारकीला वाटलं, विचार बदलला. ते छत्री विसरले होते.

आई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असायची. तिथे लोक कपड्यांबरोबर चौकशाही घेऊन येत. तिने बारकीला बजावलं, की कुणी विचारलं तर कामासाठी बाहेरगावी गेलेत म्हणायचं, बास. बारकी तसंच म्हणत राहिली. घरच्या भाषेत खरं सांगायची तर सोयच नव्हती. 'बाबा गेले' म्हटलं तर लोक सांत्वनाला आले असते.

जर्मनमध्ये मात्र घर सोडून दुसरीकडे राहायला जाण्यासाठी नेमकं क्रियापद होतं. एका दुपारी जिम्नॅशियमच्या मागच्या पायरीवर तिने लंबूला बाबा घर सोडून गेल्याचं सांगून टाकलं, "माइन फाटर हाट आउसगेत्सोगन."

 लंबू हळूच म्हणाली, "हाट नाही गं, इस्ट. हाट लावलंस तर कपडे उतरवल्यासारखं होतं."

बारकीला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि लंबूने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मग आरसा, किल्ली, छत्री, एकेक करून सगळं बाहेर आलं. अडलेला शब्द लंबू पुरवत होती. तो सगळा काळ बारकीने त्या पायरीच्या आधारावर काढला.

जर्मनची तोंडी परीक्षा जोडीने असायची. आधी प्रत्येकीने 'मला आठवणारा एक दिवस' यावर बोलायचं, मग दुसरीने त्यावर प्रश्न विचारायचे. बाहेरच्या शाळेतून परीक्षक बाई आल्या होत्या. वाचनालयात टेबलाच्या पलीकडे त्या आणि जर्मनच्या बाई, अलीकडे या दोघी. दोघींनी महिनाभर एकत्र तयारी केली होती. बारकीचा विषय आजोळची सुट्टी, लंबूचा पोहण्याची स्पर्धा.

लंबूने घसा साफ केला आणि सुरुवात केली, "माइन फाटर इस्ट आउसगेत्सोगन."

बारकीला आधी वाटलं, आपल्या कानांची चूक. पण पाठोपाठ आरसा आला. किल्ली आली. जिन्यावरची पावलं आली, आणि छत्री सांगताना लंबूचा आवाज अगदी योग्य जागी कापला. व्याकरणात कुठे खोट नव्हती. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. जर्मनच्या बाईंचे डोळे भरले. बारकी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. तिच्या घराची वीट न् वीट उचलून कुणीतरी तिच्याच डोळ्यांदेखत दुसरीकडे रचत होतं.

"आता तू विचार," परीक्षक बाई मायेने म्हणाल्या.

 बारकीने जर्मनमध्ये एवढंच विचारलं, "ते परत आले का?"

लंबूने तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "हो. दुसऱ्याच आठवड्यात. आता आम्ही सगळे एकत्र राहतो."

परीक्षक बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

आजोळची सुट्टी बारकी कशीबशी बोलली. बाहेर व्हरांड्यात लंबू स्वतःहून म्हणाली, "खरंच सांगायला हवं असा नियम कुठाय? पोहण्यावर कोण मार्क देतंय? आणि मी शेवट चांगला केला ना."

"तो शेवट माझ्याकडे नाहीये," बारकी म्हणाली.

प्रकरण तिथेच थांबलं असतं, पण जर्मनच्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी लंबूच्या घरी फोन लावून आपुलकीने चौकशी केली. फोन नेमका लंबूच्या वडिलांनीच उचलला. संध्याकाळी घरात बोलणी बसली तेव्हा लंबूने हात झटकले. ते आपलं नाहीच, बारकीच्या घरचं आहे, म्हणाली. दोन दिवसांनी लंबूची आई कोट टाकायला दुकानात आली आणि काउंटरवर ओणवून बारकीच्या आईला म्हणाली, की छत्रीचं ऐकून फार वाईट वाटलं, काही लागलं तर संकोच करू नका.

त्या संध्याकाळी आई बराच वेळ इस्त्रीच्या वासाच्या हातांनी ओटा पुसत राहिली. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "माझ्याशी एकदाही बोलली नाहीस. तिला मात्र छत्रीसुद्धा सांगितलीस."

 आईच्या बाजूने पाहिलं तर बारकीनेही लंबूसारखंच दुसऱ्याच्या घरचं बाहेर सांगितलं होतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्याने लंबूवरचा राग काही कमी झाला नाही.

लंबूला शाळेतले सर्वांत जास्त मार्क मिळाले. बारकी जेमतेम पास झाली. निकालाच्या दिवशी लंबू फाटकाशी थांबली होती. तिने पुढे येऊन जर्मनमध्ये माफी मागितली, हळू, एकेक शब्द जपून, पूर्वी पायरीवर बोलायची तशी.

"नीट बोल," बारकी म्हणाली. "सगळ्यांना कळेल असं."

लंबूने आजूबाजूला पाहिलं. मुलं होती, पालक होते, जर्मनच्या बाई होत्या. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. बारकी दप्तर खांद्यावर घेऊन आईच्या दुकानाकडे निघाली.