पांढऱ्या पडलेल्या अंगठ्या

सकाळी तिकीटखिडकी उघडायला गेलो, तर आमच्या जुन्या सोन्याच्या संग्रहालयाच्या फाटकाला अर्धं गाव लोंबकळत होतं. "पांढरी पडली! अंगठी पांढरी पडली!" तळलेली मासळी विकणारीसुद्धा कढई टाकून आली होती.

मध्यभागी माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, आबुंदियो. सिनू नदीच्या वरच्या अंगाकडून नुकताच इथे उगवलेला मांत्रिक. तळहाताला करडी राख फासलेली, थडग्यातली, म्हणे. बाया त्यावर सोन्याची अंगठी ठेवत, तो मूठ मिटून डोळे फिरवी आणि अंगठी चांदीसारखी पांढरीफटक होऊन बाहेर येई.

"पुरलेल्यांचा शाप!" तो गरजला. "आत काचेत ठेवलेली कुंडलं, छातीवरचं ते पदक, सगळं मेलेल्यांच्या अंगावरून ओरबाडलंय. माझ्या हवाली करा, परत पुरतो. तुमचे दागिनेही आणा, शुद्ध करून देतो!"

कुठे नेऊन शुद्ध करणार, हे विचारण्याइतकी शुद्ध कुणालाच नव्हती. आमचे संचालक तर घाबरून काचेच्या कपाटांच्या चाव्याच शोधायला लागले.

कोळीण एदुविहेस पुढे झाली. तिचा नवरा पावसाळ्यात नदीत बुडाला होता. तिची लग्नातली अंगठी पांढरी होताच माएस्त्रो हळूच म्हणाला, "ह्या अंगठीनंच ओढला त्याला. तू घातलीस ना!"

बाई मटकन खालीच बसली.

तेवढ्यात जुन्या दागिन्यांची डागडुजी करणाऱ्या आमच्या नुबिया कायसेदोबाई बाहेर आल्या. "माएस्त्रो, जरा हात द्या," म्हणत त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि तळवा त्याच्याच गळ्यातल्या जाड सोन्याच्या साखळीवर दाबून चोळला. साखळी पांढरी!

"ही कुणाच्या थडग्यातली हो?"

गर्दीत हशा पिकला. बाईंनी मग स्वतःची लोखंडी किल्ली त्या राखेत घोळवून पुसली. जशीच्या तशी.

"शाप लोखंडाला घाबरतो वाटतं! अहो, राखेत पारा घोटलाय. पारा सोन्याला धरतो, लोखंडाला नाही. हा हात त्या पदकाला लागला असता, तर शेकडो वर्षं टिकलेलं काम एका सकाळीत नासलं असतं. आणि पांढरेपणा घालवायला अंगठ्या चुलीवर तापवायला जाऊ नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. माझ्याकडे आणा."

"अविश्वासानं शक्ती जाते!" असं पुटपुटत माएस्त्रो पाय काढायला लागला. मासळीवालीनं त्याची पिशवी ओढली, तर शुद्ध करायला म्हणून घेतलेल्या बायांच्या कर्णफुलांचा खच रस्त्यावर पडला. पुढचं पोलिसांनी केलं.

एदुविहेस मात्र तशीच बसून होती. "म्हणजे तो माझ्यामुळे नाही गेला?"

नुबियाबाई तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या. "होडी जुनी होती गं. नदीला पूर होता."

तेव्हा कुठे ती मोकळेपणी रडली. सोनं चोरणारे पुष्कळ असतात; हा माणूस विधवेच्या गळ्यात तिच्या नवऱ्याचं मरण बांधत होता. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्या हाताला काय फासलंय ते बघा. आणि विचारा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.