फक्त सहा थांबे

एका अरबानं केलेल्या सुरीहल्ल्याला तिसरा दिवस होता. जेरुसलेममध्ये जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघत चालत होता.

ज्यू आणि अरब मुलांच्या एकत्र शाळेत पहिलीच्या वर्गाला दोन बाई. नीराबाई मुलांशी हिब्रूत बोलत, इब्तिसामबाई अरबीत. त्या दुपारी वर्गातल्या शाकेद या ज्यू मुलीच्या आईचा, ओरितचा, इब्तिसामला फोन आला. ती नर्स होती आणि तिची ड्यूटी संपता संपत नव्हती. "बाई, शाकेदला घरी सोडाल का? तुमच्याच वाटेवर आहे. फक्त सहा थांबे." इब्तिसामला नाही म्हणवेना.

बसमध्ये चढताना तिनं पोरीला हिब्रूत बजावलं, "आत गप्प बसायचं हं, राणी."

पण सहा वर्षांची पोर ती! दुसऱ्या थांब्यालाच वर्गातल्या सवयीनं खणखणीत अरबीत ओरडली, "बाई, माझा दात हलतोय! हात लावून बघा ना!"

बसमधले सगळे वळून बघू लागले. समोरचा आडदांड माणूस उठून जवळ आला.

"नाव काय गं तुझं?"

"शाकेद."

"नाव तर आपल्यातलं. मग ही कोण? कुठे नेतेय तुला?"

"मी तिची शिक्षिका आहे," इब्तिसाम म्हणाली. हिब्रू बिनचूक होतं, पण अरबी वळणाच्या उच्चारानं घात केला.

"शिक्षिका म्हणे! लाव तिच्या आईला फोन."

तिनं लावला. नुसता वाजत राहिला. शाळेचं ओळखपत्र काढायला तिनं पर्समध्ये हात घातला, तशी मागून एक बाई किंचाळली, "हात! तिचा हात बघा!"

इब्तिसामचा हात पर्समध्येच गोठला. बाहेर काढावा तर भीती, आत ठेवावा तर भीती. शाकेदनं भोकाड पसरलं, आणि ते ऐकून माणसं आणखीच भडकली.

"पोरीला सोड आधी!"

पण पोरच तिला सोडेना. बाईंच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसली होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. "उतरा बाई. माझ्या गाडीत भानगड नको."

दोघी उतरल्या. तो माणूसही मागोमाग उतरला. इब्तिसाम पळाली नाही. पळणाऱ्यावर गोळी झाडतात, हे तिला ठाऊक होतं. मोजून पावलं टाकत ती समोरच्या औषधांच्या दुकानात शिरली. म्हाताऱ्या दुकानदारानं तिचा चेहरा पाहिला, काही न विचारता दाराला कडी लावली आणि दोघींना पाणी दिलं. तो माणूस काचेबाहेर फोनवर बोलत बराच वेळ उभा होता. मग गेला.

अखेर ओरितचा फोन लागला आणि तासाभरानं ती धावत आली, रुग्णालयाच्या कपड्यांतच. लेकीला छातीशी धरून म्हणाली, "चला बाई, मी तुम्हाला घरापर्यंत सोडते."

"आमच्या वस्तीत? आणि तिथून तुम्हाला परत कोण आणणार?"

शेवटी दुकानदारानं ओळखीची टॅक्सी बोलावली.

"उशीर का गं?" घरी सासूनं विचारलं.

"बस मिळाली नाही, आई."

दोन दिवस इब्तिसाम शाळेत गेली नाही. ताप आहे, म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी गेली. चालत.