विश्रामगृहातले तिघे

आरमोरीचा निकेश बोरकर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. या कामात त्याची वीस वर्षं गेली होती. दिवाळी सरली की हंगाम लागायचा आणि शिमग्यापर्यंत गावोगावचे मंडप संपता संपायचे नाहीत. हात चांगला होता, नाव होतं, पण त्याचा जीव अडकला होता भलतीकडेच.

एल्विन क्रॉस नावाचा एक अमेरिकन पियानोवाला होता, निकेशच्या जन्माआधीच वारलेला. त्याच्या सहा कॅसेटी बल्लारशाहच्या एका म्हाताऱ्या रेल्वे गार्डाने घर रिकामं करताना निकेशच्या हाती ठेवल्या होत्या. जाझ म्हणजे काय हे तेव्हा निकेशला ठाऊक नव्हतं. क्रॉस म्हणे मोठ्या वाद्यवृंदांतही वाजवायचा, पण या कॅसेटींवर होते फक्त तिघे. क्रॉसचा पियानो, माणसाएवढ्या उंचीचा खर्जातला बेस, आणि ड्रम. क्रॉस एक ओळ वाजवायचा आणि हात उचलायचा. त्या मोकळ्या जागेत बेसवाला दोनच सूर ठेवायचा, ड्रमवाला काठीने कडेला हलकं टिचकावायचा, आणि मग क्रॉस असा परत यायचा की जणू त्यांनी विचारलेल्याचं उत्तर देतोय. कोणी कोणाच्या अंगावर जात नसे. एका ठिकाणी तर तो पूर्ण आवर्तनभर गप्प बसतो, तरीही वाजवतोय तोच असं वाटतं. निकेशने ती जागा हजार वेळा तरी ऐकली असेल.

"तुमचा तो माणूस वाजवते कमी अन् थांबते जास्त," त्याची बायको रीता म्हणायची. ती हे चेष्टेने म्हणायची, पण निकेशला वाटायचं, इतकं नेमकं कोणी सांगितलंच नसतं.

नाटकात त्याने तसं थांबून पाहिलं होतं. पण शेजारी ऑक्टोपॅड बडवणारा पियुष ती जागा लगेच भरून टाकायचा, आणि कंपनीचे मालक गुणवंतराव पडद्याआडून हात करायचे. "खड्डे काऊन सोडून राह्यला बापा? भर ना." निकेश भरायचा. आपल्यालाही असे दोघे मिळावेत, ऐकणारे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती पुरी होणार नाही हे त्याने केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

मार्च उतरता उतरता त्याला अहेरीच्या वन कार्यालयातून फोन आला. जंगलातलं एक जुनं विश्रामगृह बंद करायचं होतं. तिथे इंग्रज साहेबांच्या काळातला एक पियानो पडून होता. तो हलवण्याजोगा आहे की तिथेच सोडायचा, हे कोणा जाणकाराने पाहून लिहून द्यायला हवं होतं. निकेशने आयुष्यात खऱ्या पियानोला हात लावलेला नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी निघाला.

अहेरीत सुरज नावाचा वनरक्षक जीप घेऊन उभा होता. दीड तास सागाच्या पानगळीतून गाडी गेली. जंगल उघडं पडलं होतं, मोहाच्या झाडांखाली जाळून साफ केलेली काळी वर्तुळं दिसत होती. विश्रामगृह एका उंचवट्यावर होतं, सागवानी फळ्यांचं, चहूबाजूंनी व्हरांडा. सुरज म्हणाला, "मी खालच्या नाक्यावर जाऊन येतो. चारला घ्यायले येतो तुम्हाले." आणि तो गेला. घड्याळात पाऊण वाजला होता.

व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारी मोहफुलं निवडत बसली होती. गिरजाबाई. तिचा नवरा जंगू इथला चौकीदार होता. तो गेल्यावरही ती मागच्या खोलीतच राहत होती. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि किल्ली पुढे केली.

"पेटी पाहाले आले का जी?"

"हो, बाई."

"वाजवा. पण वाजवता वाजवता मधात थांबू नका."

"काऊन?"

ती पुन्हा फुलांकडे वळली. "आमचे बुढे लोक सांगत. वाजवाचं तं सलग वाजवाचं."

निकेशला वाटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी बोलत असेल.

आतली खोली मोठी आणि थंड होती. पियानो भिंतीला टेकून उभा होता. निकेशने झाकण उघडलं तेव्हा त्याची अपेक्षा होती वाळवीची, गंजलेल्या तारांची, अडकलेल्या पट्ट्यांची. एवढ्या पावसाळ्यांत दुसरं काय होणार? त्याने मधली एक पट्टी दाबली. सूर स्वच्छ निघाला. तो खालपासून वरपर्यंत चढत गेला. एकही पट्टी उतरलेली नव्हती. त्याच्या हातांवर काटा आला, पण तो आनंदाचा आहे असं तो धरून चालला.

त्याने क्रॉसचीच एक धून धरली, संथ, त्याच्या सर्वांत आवडीची. पहिली ओळ वाजवली आणि सवयीने नव्हे तर हौसेने हात उचलला. इथे खड्डे भरायला पियुष नव्हता.

त्या जागेत, खालच्या फळ्यांतून, दोन सूर आले.

फार खर्जातले. ऐकू येण्यापेक्षा तळपायांना जास्त कळले. निकेशने मान वळवली. खोली रिकामी होती, दारातून ऊन आत पडलं होतं. लाकूड तापलं की बोलतं, असं मनाशी म्हणत त्याने दुसरी ओळ वाजवली आणि थांबला. पुन्हा दोन सूर आले, या वेळी निराळे, ओळीला साजेसे. आणि त्यांच्या मागोमाग, त्याच्या डाव्या हाताला, जमिनीच्या जवळ, कोणीतरी दोन बोटांनी फळीवर टिचकावलं. टक्, ट-टक्.

तिथून उठून जाणारा माणूस शहाणा. निकेश उठला नाही. पुढे कितीतरी वेळा त्याने स्वतःला विचारलं की आपण का उठलो नाही, आणि उत्तर दरवेळी एकच आलं. ते चांगलं वाजवत होते.

ते ऐकत होते. निकेशने लय जरा ओढली की ते ओढायचे. त्याने सूर हळू केला की बोटं अगदी नखावर यायची. खर्जवाला त्याच्या मनातली पुढची ओळ आधीच ओळखून तिच्याखाली पाट मांडून ठेवायचा. निकेशने त्या कॅसेटीतल्यासारखं अख्खं आवर्तन सोडून दिलं, मांडीवर हात ठेवून बसला, आणि त्या दोघांनी ते रिकामं आवर्तन असं सांभाळलं की त्याचे डोळे भरून आले. वीस वर्षं मंडपांत बसून जे मिळालं नव्हतं ते या रिकाम्या खोलीत मिळत होतं.

मग त्याला धून संपवावीशी वाटली, आणि ती संपेना. त्याने शेवट मांडला की खर्जवाला एक सूर वर सरकून पुन्हा दार उघडायचा. असं तीनदा झालं, चारदा झालं. निकेशची मनगटं दुखायला लागली. तेव्हा कुठे त्याची नजर दाराकडे गेली. उंबऱ्यावरचं ऊन मघाशी होतं तिथून हललं नव्हतं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होते.

त्याने दोन्ही हातांनी नाटकातली नांदी बडवायला घेतली. तीच, वीस वर्षं रोजची, श्वासालाही फट नसलेली. शेवटच्या सुरावरच त्याने झाकण आपटलं आणि बाहेर आला. व्हरांड्यात ऊन कलून खांबांपर्यंत गेलं होतं.

गिरजाबाई तिथेच होती. फुलांची टोपली भरली होती. 

"थांबले ना मधात?"

निकेश पायरीवर बसला. खोटं बोलण्याची ताकद त्याच्यात नव्हती. "थांबलो."

"किती होते?"

"दोघं. एक खर्जातला. अन् एक बोटानं ठोकणारा."

तिच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "पहिले एकच होता," ती म्हणाली. "खालचाच."

मग तिने सांगितलं. जंगूला मांदरी ढोल वाजवायचा नाद होता. ढेमसा नाचात तो उभा राहिला की चार गावचे लोक नाचायला यायचे. एकदा कोण्या साहेबाची मुलगी ही पेटी वाजवत होती आणि जंगूने दारातून तो खालचा आवाज ऐकला. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की तो आत जायचा, पेटीजवळ खाली बसायचा, एक पट्टी दाबायचा आणि फळीवर बोटं वाजवायचा. अकरा वर्षं. "काय करून राह्यला म्हटलं तं सांगे, माह्यासंग असा कोणीच वाजवत नाई, गिरजे." सात वर्षांमागे एका दुपारी तो बाहेर आला नाही. ती आत गेली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, दोन बोटं फळीवर.

"डाक्टर म्हणे, हार्ट. असंन." तिने टोपली बाजूला सारली. "मास्तर, एक डाव अजून वाजवसान का? मले आयकाचं हाय त्याले."

निकेशला नाही म्हणायचं होतं. पण गिरजाबाईची विनवणी हे एक कारण झालं, आणि दुसरं कारण तो स्वतः जाणून होता. त्याला परत जायचंच होतं.

ती आत आली आणि पियानोच्या डाव्या अंगाला, फळ्यांवर मांडी घालून बसली. निकेशने तीच धून घेतली. पहिली ओळ. हात उचलला. खालून दोन सूर आले. मग तिच्या गुडघ्याजवळ, वीतभर अंतरावर, टक्, ट-टक्.

 गिरजाबाईने तळहात फळीवर ठेवला. निकेश वाजवत राहिला आणि दर मोकळ्या जागेत ती बोटं तिच्या हाताखाली वाजत राहिली. मग ती गोंडीत बोलू लागली, हळू, रोजच्या आवाजात, जसं कोणी नवऱ्याला जेवायला उठवावं. निकेशला त्यातलं जंगूचं नाव तेवढं कळलं. ती बोलत गेली तशी टिचकी विरळ झाली. एका जागेत एकच ठोका आला. पुढच्या जागेत तोही नाही.

"गेला," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "आता उठा, मास्तर."

निकेशला उठायचं होतं. पण खर्जवाला थांबला नव्हता. त्याने दोन सूर ठेवले आणि तो वाट पाहू लागला. ती वाट पाहणं निकेशला ऐकू येत होतं. जिथे ठोका हवा तिथे आता नुसती जागा होती, स्वच्छ, सुंदर, क्रॉसने सोडावी तशी. असली जागा तो जन्मभर शोधत होता. त्याने पुढची ओळ वाजवली, थांबला, आणि ठोका आला. टक्, ट-टक्. बरोब्बर जागेवर. त्याला हायसं वाटलं. जंगू गेला नव्हता तर.

"मास्तर," गिरजाबाईचा आवाज बदलला होता. "तुमचा पाय."

त्याने खाली पाहिलं. चप्पल निघून पडली होती आणि त्याचा उजवा पाय फळीवर पडत होता. त्याने तो थांबवला नाही, कारण तो आपण हलवतोय असं त्याला वाटतच नव्हतं. दुसऱ्याच कोणाचा पाय पाहावा तसा तो पाहत होता, आणि चांगला वाजवतोय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

गिरजाबाई सरकत आली, तिने दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला आणि सगळा भार टाकून तो जमिनीवर दाबला. म्हातारीत एवढं बळ कुठून आलं देव जाणे. तिच्या पकडीत पाय दोनदा उचलला गेला, तिसऱ्यांदा नाही. मोकळी जागा आली आणि मोकळीच गेली. खालून एकच सूर आला, लांब, आणि तो फळ्यांतून दूर जात जात बुजला. निकेशने हात पट्ट्यांवरून काढले. बाहेर सुरजच्या जीपचा हॉर्न वाजत होता. तो बराच वेळ वाजत असावा.

अहेरीच्या कार्यालयात बसून निकेशने लिहून दिलं की पियानोला आतून वाळवी लागली आहे, हलवण्याजोगा नाही, आणि विश्रामगृहासकट कुलूप लावून ठेवावा. साहेबाने न वाचताच सही केली. गिरजाबाई महिन्याभरात एटापल्लीला लेकीकडे, मंगलीकडे राहायला गेली. तिने जाताना किल्ली सुरजच्या हातात दिली आणि विहिरीत टाकायला सांगितली. सुरजने ती टाकली की कार्यालयात जमा केली, हे निकेशने विचारलं नाही.

पुढच्या हंगामात गुणवंतराव त्याच्यावर खूश होते. निकेश आता कुठेच थांबत नव्हता. ओळीला ओळ जोडून, दोन्ही हातांनी, पियुषलाही घुसायला जागा न ठेवता तो वाजवायचा. पेपरात कोणीतरी त्याच्या भरदार संगतीबद्दल दोन ओळी लिहिल्या. कॅसेटी त्याने कोणाला दिल्या नाहीत, पण लावल्याही नाहीत.

रीताला त्याने सगळं सांगितलं होतं, एकदाच. नाटक नसेल त्या दिवशी तो दुपारी जेवून आडवा होतो. डोळा लागला की त्याचा उजवा पाय हलायला लागतो. एक, मग थांबून दोन. तेव्हा रीता हातातलं काम टाकून येते, पायथ्याशी बसते आणि त्याचा घोटा धरून ठेवते. कधी पाच मिनिटांत सुटतं, कधी चार वाजतात.

परवा निशा, शेजारची, पीठ मागायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काय जी, पाय दुखते का त्यायचा?"

"हो," रीता म्हणाली. "तू घे ना, डब्यात हाय."

तिने हात काढला नाही.